भिंतीची ओल, छातीची घरघर

पाऊस सरत आला की वस्तीत फिरताना आमच्या कानावर तेच ते येते. पोराला रात्री धाप लागते, म्हातारीची छाती घरघरते, सुनेला उठल्याउठल्या शिंका सुरू. औषधाची बाटली मिळते, भिंत कोणी पाहत नाही. कपाट पुढे ओढा, मागे काळे-हिरवे ठिपके दिसतील. ती बुरशी. तिच्यावरून बोलणी बसतात ती बाईलाच, हिला घर ठेवता येत नाही म्हणून! बुरशी ओलीवर वाढते. रोज लख्ख झाडलेल्या घरातही वाढते.

तिचे डोळ्यांना न दिसणारे कण श्वासाबरोबर आत जातात. नाक वाहते, खोकला हटत नाही, दमेकऱ्याचा दमा उसळतो. ओलसर घरात श्वसनाचे विकार वाढतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालीच सांगितले आहे. करोनानंतर ज्या ‘काळ्या बुरशी’ची धास्ती होती तो म्युकरमायकोसिस आजार वेगळा, भिंत काळी दिसली म्हणून घाबरू नका. मात्र दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला टिकला, तर भिंतीला दोष देत न बसता सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी मोफत होते.

पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे ओल वरून येते: फुटके कौल, पत्र्याचा सांधा, पावसाची झोड खाणारी भिंत. तिथे आधी छप्पर नीट करावे. सांगलीची गोष्ट अवघड. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ मध्ये पूर आला होता, २०२१ मध्ये पुन्हा आला. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट अशा सखल भागांत पाणी आधी शिरते. पाणी ओसरले की पंचनामा होतो. त्यात पडलेली भिंत मोजली जाते. पाणी पिऊन उभी राहिलेली भिंत मोजतच नाहीत, आणि माणसे आजारी पडतात ती तिच्याच आडोशाला. विटा ते पाणी महिनोन्महिने सोडत नाहीत. पंचनाम्यात ओलीची नोंद झालीच पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे. वर्षावासात विहारात सगळे जमतातच, तेव्हा वस्तीतली अशी घरे मोजून यादी करा आणि अर्ज द्या.

तोवर घरात करायचे ते असे. कोरडी बुरशी झाडूने खरवडू नका, कण घरभर उडतात. नाकातोंडाला फडके बांधा, खिडकी उघडा, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके फेकून द्या. दमेकऱ्याला त्या वेळी बाहेर बसवा. ब्लीचिंग पावडर वापरलीत तर तिच्यात संडासाचे अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. कपाट, गाद्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. ओल्या भिंतीवर ऑइलपेंट म्हणजे पैसे पाण्यात; ओल आत कोंडते आणि रंगाला पोपडे धरतात.

रमाई आवासचे घरकुल ज्यांना मंजूर झाले आहे, त्यांनी जोत्याचे काम चालू असतानाच गवंड्याला डीपीसी विचारावी. जमिनीतली ओल अडवणारा हा थर जोत्यावर, भिंत उचलण्याआधी घालतात. खर्च थोडा वाढतो. पण भिंत एकदा चढली की तो घालणे फार अवघड आणि महाग, म्हणून त्या दिवशी स्वतः कामावर उभे राहा.