धावण्यासाठी धावपट्टीच हवी काय?

आपल्या भागातील महाविद्यालयांत खेळांचा विषय निघाला की पहिली तक्रार मैदानाची असते. धावपट्टी नाही, साधने नाहीत, मग खेळाडू निपजणार कोठून? तक्रार अगदीच खोटी नाही. पण तिच्या आड आपण आपली उदासीनता तर झाकीत नाही ना, याचा विचार विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनीही करावयास हवा. कारण आखीव धावपट्टीवाचून होणारी एक शर्यत जगात मोठ्या मानाने धावली जाते. तिचे नाव क्रॉस कंट्री.

गवत, चिखल, चढउतार यांतून धावावयाच्या या शर्यतीची सध्याची जागतिक स्पर्धा १९७३ साली बेल्जियममधील वारेगेम येथे सुरू झाली. कुमारांची शर्यत तीत पहिल्या वर्षापासून होती. मुलींना मात्र आपल्या शर्यतीसाठी १९८९ पर्यंत वाट पाहावी लागली. आज वीस वर्षांखालील मुले ८ व मुली ६ किलोमीटर धावतात. संघातील सहांपैकी पहिल्या चौघांच्या क्रमांकांची बेरीज होते आणि जिची बेरीज सर्वांत कमी, तो संघ विजयी. एकट्याने पुढे निघून जाऊन संघ जिंकत नाही; चौथ्याचा घामही हिशेबात धरला जातो.

या शर्यतीत केनिया आणि इथिओपिया यांचे वर्चस्व आहे. ‘गरिबीने ती मुले काटक झाली’ असे म्हणून आपण मोकळे होतो. मग गरिबी आपल्याकडे काय कमी आहे? उंचावरील विरळ हवेचा लाभ त्यांना मिळतो हे खरे. केनियातील इटेन सुमारे २४०० मीटर उंचीवर, तर आपले बीदर सुमारे ७०० मीटरवर. पण त्याच इटेनच्या सेंट पॅट्रिक्स शाळेत १९७६ साली कॉल्म ओकॉनेल नावाचे आयरिश शिक्षक आले, ते भूगोल शिकवावयास. धावण्याच्या शिक्षणाचा त्यांना अनुभव नव्हता. मुलांना धावताना पाहून ते शिकत गेले. पुढे ऑलिंपिक विजेता डेव्हिड रुडिशा त्यांच्याच हाताखाली घडला. आपल्याकडे भूगोलाचे प्राध्यापक नाहीत काय?

आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे सैन्यात गेला व तेथे क्रॉस कंट्रीतून पुढे आला. स्टीपलचेसमध्ये त्याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील ललिता बाबर याच प्रकारात २०१६ साली ऑलिंपिकची अंतिम फेरी धावली. औराद, भालकी, आळंद येथील मुलांमधील धावपटू ओळखण्यासाठी आपण सैन्यभरतीचीच वाट पाहावयाची काय? आणि महाविद्यालयात पाऊल टाकताच जिचे धावणे थांबते, त्या मुलीने कोणाची वाट पाहावी?

म्हणून सूचना अशी की, दरवर्षी दिवाळीनंतर, काळ्या रानातील चिखल वाळल्यावर, प्रत्येक महाविद्यालयाने ही शर्यत भरवावी. बीदरकडे जांभ्याचे माळ आहेत, कलबुर्गीकडे शेतवाटा आहेत. चुन्याच्या खुणा, चार झेंड्या, पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी एवढ्यावर सुरुवात होईल. मुलींची शर्यत त्याच दिवशी, त्याच मानाने व्हावी.

आपल्या अंकात मराठी व कन्नड विभागांची पाने वेगळी असतात, ती तशी असोत. संघात मात्र दोन्हीकडचे चौघे एकत्र धावू द्यात. त्यांची बेरीज एकच होईल.