गाडीघोडा : डिफ बदलला, दिवा लागला

दिवाळीत विग्रम स्ट्रीटवर गाडी लावायला जागा मिळणं कठीण, तरी माणसं गाड्या घेऊन येतातच. तेव्हा या सदराला मरण नाही. यंदा आलेल्या प्रश्नांपैकी एकच घेतो, कारण तो मोठा आहे आणि त्यात एका मुलाचं लायसन्स अडकलं आहे.

हॅरिस पार्कमधले एक वाचक. मुलाला नुकतीच लाल ‘पी’ मिळाली म्हणून बापलेकांनी एक जुनी यूट घेतली. महिनाभरात मागून घूं घूं आवाज यायला लागला. डिफ गेला होता. रेकरकडून मागचा अख्खा अ‍ॅक्सल आणला आणि दोन शनिवार-रविवार घालवून घरच्या ड्राइव्हवेमध्ये स्वतः बसवला. (शाबास! आपल्याकडे अजून असं करणारी घरं आहेत.) आवाज गेला. पण गाडी तीसच्या वर गेली की घसरत्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा लागायचा, आणि त्याच्या जोडीला एबीएसचा. एका गॅरेजवाल्याने गाडी न बघता फोनवरच निदान केलं : एबीएसचा मॉड्यूल गेला, नवा टाका. किंमत यूटच्या निम्मी. रेगो संपायला तीन आठवडे. मुलगा म्हणतो, “काका, ब्रेक तर मस्त लागतात.” आणि बाबांनी हळूच विचारलं, “त्या दिव्याचा बल्बच काढून टाकला तर?”

बल्ब काढायचा नाही. किल्ली फिरवली की हे दिवे दोन-चार सेकंद स्वतःहून लागतात आणि विझतात, ती त्यांची हजेरी असते. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीला इथे रेगोआधी पिंक स्लिप लागते, आणि जो दिवा हजेरीलाच लागत नाही तो जाणत्या तपासनिसाच्या नजरेत लगेच भरतो. पण तपासनीस सोडा. हा दिवा सतत जळतो याचा अर्थ गाडीने पकड सांभाळण्याचं काम थांबवलं आहे. साधे ब्रेक लागतात, हे खरंच. पण पावसात एम-फोरवर पुढची गाडी अचानक थांबली आणि नवशिक्याने घाबरून ब्रेकवर उभं राहून पाय दिला, तर चाकं जाम होऊन गाडी सरळ घसरत जाईल. तेव्हा स्टिअरिंग वळवूनही उपयोग नसतो. रिकाम्या यूटचं मागचं टोक हलकं, ते आधी सुटतं. ज्या मुलाला वाचवायला ही यंत्रणा लावली, त्याच्याच गाडीत ती बंद ठेवायची?

दिव्याची भाषा आधी समजून घ्या. चालताना तो लुकलुकला तर यंत्रणा त्या क्षणी काम करते आहे, म्हणजे चाक घसरलं आणि तिने सावरलं. सतत जळत राहिला तर बिघाड. नुसता ‘ऑफ’ लिहिलेला दिवा असेल तर बहुधा कुणाचा तरी हात बटणाला लागला आहे. आणि एबीएसच्या पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी तिथेच बाजूला घ्या आणि टो ट्रक बोलवा.

आता डिफचं. बैलगाडीला डिफ लागत नाही, कारण तिची दोन्ही चाकं आसावर मोकळी फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडायचं असतं, ते आपलं आपण तोडतं. पण जिथे इंजिनच आस फिरवतं तिथे दोन चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली तर वळताना एक चाक फरफटणार. शक्ती दोघांना द्यायची पण वेग ज्याचा त्याला ठेवू द्यायचा, ही करामत डिफरन्शियलची. वाहनासाठी त्याचं पेटंट फ्रान्समधल्या पेकर नावाच्या घड्याळजीने १८२७ साली घेतलं, तेही वाफेच्या गाडीसाठी. आपल्या एसटीच्या मागच्या आसावर मधोमध जो लोखंडी भोपळा दिसतो, तो हाच. आत क्राउन आणि पिनियन. पिनियन किती वेळा फिरलं की चाक एकदा फिरतं, तो आकडा म्हणजे रेशो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच गोष्ट येणार आहे.

एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये बॉशने आणलं, आणि गाडी आडवी होऊ न देणारी ईएसपी यंत्रणा १९९५ मध्ये. ऑस्ट्रेलियात ती नव्या मॉडेलच्या मोटारींना नोव्हेंबर २०११ पासून आणि सगळ्याच नव्या मोटारींना नोव्हेंबर २०१३ पासून सक्तीची झाली. यूटसारख्या मालवाहू गाड्यांना त्यानंतर काही वर्षांनी. या सगळ्याचे डोळे म्हणजे चार चाकांजवळचे चार सेन्सर. प्रत्येकासमोर एक दातेरी कडं फिरतं. मधली फट जेमतेम मिलिमीटरभर. दात समोरून गेला की सेन्सर एक टिंब पाठवतो, आणि कॉम्प्युटर टिंबं मोजून चाकाचा वेग काढतो. चारांपैकी एकाचा वेग बाकीच्यांशी जुळला नाही की तो म्हणतो, चाक घसरतंय. आणि सरळ रस्त्यावर सतत जुळला नाही की म्हणतो, मला आता कुणावरच भरवसा नाही, मी बाजूला होतो. तो पिवळा दिवा म्हणजे हे बाजूला होणं. मॉड्यूल बिचारा बहुतेक वेळा ठणठणीत असतो.

म्हणून डिफ बदलल्यावर दिवा लागला तर संशय आधी तुम्ही हात लावलेल्या जागेवर घ्यायचा. सेन्सरचे प्लग नीट ‘टिक’ आवाज होईपर्यंत बसले का? वायर कुठे चेपली, अ‍ॅक्सलवर घासली, सायलेन्सरला टेकली का? डावा-उजवा प्लग उलटापालटा झाला का? (हा फार छळतो. सरळ जाताना काहीच कळत नाही, वळलं की गडबड.) सेन्सरच्या टोकाला चुंबक असतं, जुन्या डिफमधला लोखंडी चुरा त्याला दाढीसारखा चिकटतो. फडक्याने पुसा. बेअरिंग ठोकून बसवताना कड्याला तडा जातो, तोही बघा. काही गाड्यांत दातेरी कडं नसतंच, बेअरिंगच्या सीलमध्ये चुंबकाची पट्टी असते, आणि बेअरिंग उलटं बसवलं की ती सेन्सरच्या भलत्याच बाजूला जाते.

ओहम मोजायचा मीटर सरसकट लावू नका. जुने दोन वायरींचे साधे सेन्सर त्याने तपासता येतात, नव्या पद्धतीचे सेन्सर त्याने बिघडू शकतात.

यानंतर स्कॅनर. बाजारातला स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनाचे, म्हणजे ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतो. आपल्याला हवेत ‘सी’चे, चॅसीचे. एबीएस वाचणारा स्कॅनर कुणाकडून तरी उसना आणा. पण कोडपेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे चारही चाकांचे चालू वेग दाखवणारं पान. रिकाम्या सरळ रस्त्यावर एकजण गाडी चाळीसवर धरतो, दुसरा शेजारी बसून आकडे लिहितो. गाडी चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही, हे मुलांना दोनदा सांगा.

आमच्या यूटचे आकडे असे आले : पुढची दोन्ही ४०, मागची दोन्ही ३६.७. इथेच निम्मं कोडं सुटलं. एकच चाक चुकीचं बोलत असेल तर त्याचा सेन्सर, वायर किंवा कडं. दोन्ही मागची चाकं सारख्याच प्रमाणात चुकत असतील तर दोन्ही सेन्सर एकाच दिवशी एकसारखे बिघडले असं होत नाही. मग टायरचा आकार वेगळा, नाहीतर कड्याचे दात वेगळे. टायर तर पुढेमागे तेच होते. ३६.७ भागिले ४० म्हणजे साधारण ०.९१७, आणि ४४ भागिले ४८ म्हणजेही तेवढेच. जुना अ‍ॅक्सल नशिबाने अजून अंगणात पडून होता. मुलाने खडूने खूण करून दात मोजले : जुन्यावर ४८, नव्यावर ४४. दिसायला दोन्ही अ‍ॅक्सल जुळे भाऊ, पण वेगळ्या सालांचे. जुने शाफ्ट त्यांच्या कड्यांसकट नव्या हाउसिंगमध्ये बरोबर बसले, ब्रेकमधली हवा काढली, आणि दिवा हजेरी देऊन विझला. खर्च दोन सील आणि डिफचं तेल.

मी मात्र त्यांना तिथे थांबू दिलं नाही. दात वेगळे, तर रेशोही वेगळा असू शकतो. तो असा मोजा : सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, गिअर न्यूट्रल, मागचं एकच चाक स्टँडवर उचललेलं, हँडब्रेक सोडलेला. साधा डिफ असेल तर उचललेलं चाक दोन पूर्ण फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. तोच रेशो. लिमिटेड स्लिप असेल तर दोन्ही चाकं उचलून एकच फेरा. नुसत्या जॅकवर गाडी सोडून खाली हात घालायचा नाही, कितीही घाई असली तरी.

एवढा खटाटोप कशाला? समजा गाडीचा मूळ रेशो ४.३ होता आणि तुम्ही ३.९ चा डिफ टाकलात. ज्या गाड्यांचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून वेग घेतो, त्यात काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ ला असेल. शाळेच्या चाळीसच्या पट्ट्यात ४४. न्यू साउथ वेल्समध्ये लाल ‘पी’वाल्याच्या खात्यात चारच डिमेरिट पॉइंट असतात, आणि वेगमर्यादा थोडीशी ओलांडली तरी किमान चार जातात. म्हणजे काट्याकडे बघत, नियमाने गाडी चालवणाऱ्या पोराचं लायसन्स एका कॅमेऱ्यात जाईल. ‘काटा खोटा होता’ हे कॅमेऱ्याला सांगता येत नाही. उलट केलंत, ३.९ च्या जागी ४.३, तर काटा जास्त दाखवतो. ते धोक्याचं नाही, पण इंजिन उगाच ओरडतं आणि पेट्रोल जातं. काही गाड्यांत गिअरबॉक्सचा वेग आणि चाकांचा वेग जुळत नाही म्हणून पुन्हा तोच पिवळा दिवा लागतो. आणि फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा-मागचा रेशो एकच हवा, नाहीतर ट्रान्सफर केसचं भरीत होतं.

आमच्या यूटचा रेशो जुळला. तरी बाबांना मोबाइलच्या जीपीएसशी काटा ताडून बघायला लावला.

आता रेकरकडे जाण्याआधी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना पार्ट घेताना आपण तो उलटापालटा करून, दुकानदाराशी हुज्जत घालून घेतो. इथे ग्रॅनव्हिलमध्ये शेड्यूलवरचं नाव वाचून पैसे देतो. तसं करू नका. आपल्या गाडीचा व्हीआयएन, तयार झाल्याचा महिना-साल, गिअरबॉक्स ऑटो की मॅन्युअल, हे कागदावर लिहून न्या. हाउसिंगवरचा रेशोचा टॅग बघा. कड्यांचे दात तिथेच मोजा, हात काळे होऊ द्या. शाफ्ट, कडी आणि सेन्सर डिफबरोबरच मागून घ्या. आणि नवा बसून, दिवा विझून, पिंक स्लिप हातात येईपर्यंत जुना अ‍ॅक्सल भंगारात देऊ नका, आई अंगणावरून कितीही बोलल्या तरी.