जामठ्यावर नाचलेले ‘चॅम्पियन’

हुडकेश्वरपासून फार दूर नसलेल्या जामठ्याच्या मैदानावर २७ मार्च २०१६ रोजी अफगाणिस्तानने वेस्ट इंडीजला ६ धावांनी हरविले, आणि पराभूत संघाचा ख्रिस गेल विजेत्यांसोबत नाचला. उपान्त्य फेरी आधीच निश्चित झाली होती व गेल त्या सामन्यात खेळलाही नव्हता, हे खरे. नाच होता ‘चॅम्पियन’ या गीताचा. गायक त्याच संघातील त्रिनिदादचा ड्वेन ब्राव्हो.

पॉप गीताच्या चित्रफितीसाठी एरवी दिग्दर्शक, नर्तक, नेपथ्य असा खर्चिक पसारा मांडावा लागतो. या गीताचीही चित्रफीत निघाली. मात्र भारतात ते घरोघरी पोचले ते विश्वचषकाच्या थेट प्रक्षेपणातून. मैदान हेच नेपथ्य, खेळाडू हेच नर्तक. १९५०च्या लॉर्ड्स विजयावरील कॅलिप्सो विजयानंतर रचले गेले होते. ‘चॅम्पियन’ विजेतेपदाआधीच गाजू लागले.

या उल्हासामागे कटुता होती. मानधनावरून खेळाडू व मंडळ यांच्यात स्पर्धेपूर्वीच वाद पेटला होता. ३ एप्रिलला ईडन गार्डन्सवर ब्रेथवेटच्या सलग चार षटकारांनी जेतेपद मिळताच कर्णधार डॅरेन सॅमीने मंडळाकडून झालेल्या अनादराची व्यथा जाहीरपणे मांडली. गणवेशाचीही सोय संघव्यवस्थापकालाच करावी लागली होती. त्याच दिवशी, त्याच मैदानावर वेस्ट इंडीजच्या महिलांनीही विश्वचषक जिंकला होता. मग दोन्ही संघ एकत्र नाचले.