एकच पाटी, एकच नाव

मंडळी, सी भाषेतलं ‘स्ट्रएरर’ चुकीचा क्रमांक घेऊन तिचा संदेश देतं. पण सगळ्या थ्रेड्सनी एकच पाटी वापरावी, अशी मुभा मानकानेच दिली. एकाने वाचेपर्यंत दुसऱ्याने पुसलं! मग डिस्क भरलेली असताना ‘परवानगी नाही’ वाचून माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

उपाय म्हणून ‘स्ट्रएरर_आर’ आलं: आपापली पाटी आणा. उत्तम! पण पॉझिक्सचं शून्य म्हणजे यश, संदेश पाटीवर. ग्नूचं थेट संदेशाचा पत्ता देतं, पाटी कोरीही राहते. नाव मात्र तेच!

म्हणे, मॅन्युअल वाचा. अहो, श्लेष काव्यात शोभतो. २००८ च्या पॉझिक्समधलं ‘स्ट्रएरर_एल’ मिळेल तिथे तेच वापरा. चूक सांगणाऱ्यानेच दुटप्पी बोलावं, हे मला तरी मान्य नाही.