कोकण रेल्वेत मोबाइलची रेंज का जाते?

रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा तब्बल साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. गाडी आत शिरली की बोलणे अर्धवट तुटते. कोकण रेल्वेवर असे लहानमोठे ९१ बोगदे आहेत.

कारण काय?
मोबाइलच्या लहरी डोंगराच्या पोटात पोहोचत नाहीत. बोगद्याबाहेरही डब्याचा धातूचा सांगाडा सिग्नल कमकुवत करतो.

स्थानकांवरील वाय-फायचे काय?
जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला सुरू झालेली रेलटेलची मोफत सेवा आता सहा हजारांहून अधिक स्थानकांवर आहे. पण गाडी सुटली की ती मागेच राहते. हावडा राजधानीत उपग्रहाद्वारे वाय-फाय देऊन पाहिले. मात्र ते परवडत नसल्याने प्रयोग थांबवल्याचे सरकारने २०२१ मध्ये संसदेत सांगितले.

मग उपाय?
मेट्रोच्या भुयारांत खास केबल टाकून सिग्नल पोहोचवला जातो. लांब बोगद्यांतही तेच करावे. खर्च रेल्वे आणि मोबाइल कंपन्यांनी वाटून घ्यावा. हा प्रश्न केवळ रील पाहण्याचा नाही. धावत्या गाडीत कुणाच्या छातीत कळ आली, तर १३९ हा मदत क्रमांक बोगद्यातही लागला पाहिजे.