अनुदान यंत्राला, शिकवणी कुणाला?

बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या कुशीत कपिलधार आहे. मन्मथस्वामींच्या समाधीचं हे ठिकाण. कार्तिक पौर्णिमेला इथे यात्रा भरते आणि मराठवाडाभरातून दिंड्या येतात. दिवाळी पाडवा ते ही पौर्णिमा, मध्ये पंधरवडाच. पाडव्याच्या मुहूर्तावर हार घालून शोरूमबाहेर आलेला नवा मिनी ट्रॅक्टर यात्रेच्या दिवसापर्यंत जेमतेम पन्नास तास चाललेला असतो. त्याचं पुढचं आयुष्य मात्र बहुधा याच तासांत ठरून जातं.

मिनी ट्रॅक्टर या भागाची गरज आहे, याबद्दल वाद नको. 1970-71च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी शेत 4.28 हेक्टरचं होतं, ते 2015-16पर्यंत 1.34 हेक्टरवर आलं. एवढ्या जमिनीसाठी बैलजोडी वर्षभर सांभाळणं परवडत नाही आणि पंचेचाळीस एचपीचा मोठा ट्रॅक्टर कपाशीच्या दोन ओळींत शिरत नाही. सीताफळाच्या बागेतही त्याची अडचणच होते. महिंद्राचा युवराज 215, स्वराज 717 असे पंधरा एचपीचे ट्रॅक्टर या खाचेत बरोबर बसले. कोळपणी, फवारणी, पाळी, शेणखताची वाहतूक अशी कामं ते थोड्या डिझेलवर उरकतात.

अडचण सुरू होते ती किल्ली हातात आल्यावर. नव्या इंजिनाच्या लायनरवर बारीक आडव्या-तिरप्या रेघा असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासून नीट बसल्या की कॉम्प्रेशन पक्कं होतं. त्यासाठी इंजिनाला मध्यम लोड लागतो. पहिल्याच दिवशी खडकाळ रानात नांगराला लावलं तर ते तापतं आणि लायनरवर ओरखडे उठतात. उलट, नवं आहे म्हणून जपत तासन् तास नुसतं आयडलवर ठेवलं तर रिंगांवर पुरेसा दाब येत नाही, लायनर गुळगुळीत होतो आणि पुढे इंजिन ऑइल खातं. नवा गोऱ्हा कोणी पहिल्या दिवशी खोल नांगरटीला जुंपत नाही आणि गोठ्यातही बांधून ठेवत नाही, हे जाणणाऱ्या शेतकऱ्याला इंजिनाची ही रीत समजायला अवघड नाही. फक्त ती कुणीतरी समजावून सांगायला हवी.

घासून निघालेले धातूचे कण ऑइलमध्ये उतरतात. म्हणून बहुतेक कंपन्या पन्नास तासांच्या आसपास पहिली सर्व्हिसिंग सांगतात. तिच्यात ऑइल आणि फिल्टर बदलायचे, चाकांचे नट आवळायचे, क्लच आणि ब्रेकच्या पेडलचा प्ले तपासायचा. ‘ऑइल अजून चांगलं दिसतंय’ म्हणून ही सर्व्हिसिंग टाळली, तर तेच कण बेअरिंगमध्ये फिरत राहतात.

दुसरी चूक अवजाराच्या मापाची. पंधरा एचपीला साधारण तीन फुटी रोटाव्हेटर झेपतो. शेजाऱ्याचा पाच फुटी रोटा फुकट मिळतो म्हणून मागे लावला की इंजिन काळा धूर ओकू लागतं आणि क्लच जळतो. बालाघाटाच्या मुरमाड रानात धूळही भरपूर, त्यामुळे एअर क्लीनर आणि रेडिएटरची जाळी वरचेवर साफ करावी लागते. पुस्तिकेत दिलेली मुदत इथे लांबच पडते.

यात सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे उतार. मिनी ट्रॅक्टर ओळीत मावावा म्हणून अरुंद केलेला असतो आणि याच अरुंदपणामुळे तो बांधावरून तिरपा नेला की लवकर कलतो. भरलेली ट्रॉली घेऊन चढ चढताना पुढची चाकं हलकी पडतात. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरायची सवय तर जीवघेणीच, कारण मग इंजिनाचा अडसर राहत नाही आणि मागून ट्रॉली ढकलत राहते. शेतात वळताना सुटे ठेवलेले दोन ब्रेक पेडल रस्त्यावर येण्याआधी जोडून घ्यायचे असतात, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. ट्रॉली हे प्रवासी वाहन नव्हे. यात्रेसाठी तिच्यात माणसं बसवून घाटात नेणं, तेही नवशिक्या चालकाने, हा भाविकांच्या जिवाशी खेळ आहे.

सरकार यात पैसा घालत नाही असं नाही. समाजकल्याण विभागाच्या योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना 9 ते 18 एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि अवजारं 90 टक्के अनुदानावर मिळतात. साडेतीन लाखांच्या मर्यादेत 3 लाख 15 हजार सरकारचे, 35 हजार गटाचे. योजना चांगलीच आहे, पण गटाचं यंत्र अनेक हातांतून फिरतं. पहिल्या पन्नास तासांत चार जण आपापल्या पद्धतीने चालवतात आणि पहिली सर्व्हिसिंग कुणाचंच काम राहत नाही.

शिकवणीची सोय दूरची आहे. केंद्राच्या शेतयंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था देशात चार: मध्य प्रदेशात बुदनी, हरियाणात हिसार, आंध्रात अनंतपूर जिल्ह्यात आणि आसामात विश्वनाथ चारियाली इथे. महाराष्ट्रात एकही नाही. पण त्यासाठी अडून बसायचं कारण नाही. बीड जिल्ह्यात अंबाजोगाई आणि खामगाव इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत. आयटीआयमध्ये मेकॅनिक ट्रॅक्टर हा ट्रेड शिकवला जातो. या दोन्हींना मिळून दोन दिवसांचा वर्ग घेणं अवघड जाऊ नये.

विक्रेता शिकवतोच की, असं कुणी म्हणेल. पण विक्रीच्या गर्दीत गिअर आणि हायड्रॉलिक दाखवून किल्ली दिली जाते, उतारावरचं शिक्षण शोरूमच्या अंगणात होत नाही.

म्हणून अनुदानालाच दोन अटी जोडाव्यात. गटाने नेमलेल्या दोन चालकांनी, शक्य तिथे त्यांतल्या एका महिलेने, आधी प्रशिक्षण घ्यावं. आणि अनुदानाचा शेवटचा छोटा हिस्सा पन्नास तासांच्या सर्व्हिसिंगची पावती पाहून द्यावा. सव्वातीन लाखांच्या घरातल्या सार्वजनिक पैशापुढे हा खर्च किरकोळ आहे. येत्या पाडव्याच्या आत जिल्हा प्रशासनाने निदान बीडपुरता हा प्रयोग सुरू करावा.