लहानशी मोटार आणि तिचें मोल

“सर, खेळण्यांतल्या मोटारी जमविण्याचा छंद मुलास असावा कीं नसावा?” असा प्रश्न गेल्या वर्षीं एका पालकांनीं आम्हांस विचारला. त्यांच्या चिरंजीवांनीं खाऊचे पैसे सांठवून एकाच जातीच्या चार चिमुकल्या मोटारी घेतल्या होत्या. आणि एकाच मोटारीचीं चार खेळणीं कशास हवींत, हें वडिलांस उमजेना. ज्या शिक्षकाकडे आपण तक्रार नेली त्याच्याच कपाटांत त्याच जातीच्या अकरा मोटारी आहेत, हें त्यांस ठाऊक नव्हतें. त्यामुळें उत्तर देण्यापूर्वीं आम्हांस थोडें लाजावें आणि पुष्कळ विचारांत पडावें लागलें. त्या विचाराचें फळ आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

ती मोटार म्हणजे इंग्लंडची मॉरिस मायनर. इ. स. १९४८ च्या ऑक्टोबरांत लंडनमधील अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनांत ती प्रथम लोकांपुढें आली. अलेक इसिगोनिस हे तिचे शिल्पकार. साधारण स्थितींतल्या कुटुंबास परवडेल व चौघांस नीट बसतां येईल अशी ही गाडी होती. कंपनीचे मुख्य लॉर्ड नफील्ड यांस मात्र तिचा गोलसर आकार मुळींच रुचला नाहीं. पाण्यांत शिजविलेल्या अंड्याची उपमा त्यांनीं तिला दिली असें सांगतात. परंतु लोकांस ती आवडली. दहा लाखांचा आंकडा ओलांडणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली, आणि त्याप्रीत्यर्थ १९६१ सालीं फिकट जांभळ्या रंगाच्या कांहीं खास गाड्या काढण्यांत आल्या. १९७१ मध्यें इंग्लंडांतील उत्पादन थांबलें तोंपर्यंत एकंदर संख्या सोळा लाखांच्या वर गेली होती. आपल्या देशाशींहि तिचें नातें आहे. १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत हिंदुस्थान मोटर्सनें तीच गाडी ‘बेबी हिंदुस्थान’ या नांवानें येथें विकली. आणि तिची थोरली बहीण जी मॉरिस ऑक्सफर्ड, तिच्यापासून आपली अँबॅसडर जन्मास आली व २०१४ पर्यंत तयार होत राहिली.

आतां एकाच मोटारीचे चार नमुने कशास, या प्रश्नाकडे वळूं. पहिला नमुना तयार झाल्यावर इसिगोनिस यांस तो अरुंद भासला. त्यांनीं ती गाडी मधोमध उभी कापविली, दोन्ही भाग हळूहळू दूर सरकविले, आणि चार इंचांचें अंतर पडतांच आकार साधला असें त्यांस दिसलें. त्या भरीची खूण म्हणून बॉनेटच्या मध्यावरून गेलेला सपाट पट्टा शेवटपर्यंत राहिला. पुढचे बंपर तर आधींच बनून आले होते. तेहि मध्यें कापून सांधावे लागले. आरंभीं पुढचे दिवे खालीं जाळीच्या बाजूंस होते. अमेरिकेंतील नियमांस्तव ते वर चाकांवरील पत्र्यांत गेले, आणि १९५१ पासून सर्वच गाड्यांस तसे आले. १९५३ सालीं मागें खरोखरीच्या लांकडाची चौकट असलेली ‘ट्रॅव्हलर’ निघाली. १९५६ पर्यंत समोरची कांच दोन तुकड्यांची होती, ती पुढें अखंड झाली. ज्या मुलास एवढें ठाऊक आहे त्याच्या हातीं चार प्रतिकृति द्याव्या. दिवे, कांच व पट्टा पाहून प्रत्येकीचा काळ तो सांगेल. ज्यास ठाऊक नाहीं त्यास चारी सारख्याच दिसतील. तात्पर्य, एकाच वस्तूचे चार नमुने पाहण्यानें जी नजर तयार होते ती चार निरनिराळ्या वस्तु पाहण्यानें होत नाहीं. वनस्पतिशास्त्राच्या तासास एकाच झाडाचीं दहा पानें आम्ही मुलांस आणावयास सांगतों, तें याचसाठीं.

या खेळण्यांपैकीं एकाच्या जन्माशीं शाळेचाहि संबंध आहे. जॅक ओडेल या कारागिराच्या मुलीच्या शाळेंत, आगपेटींत मावेल एवढेंच खेळणें आणावें, असा नियम होता. बापानें नियमाविरुद्ध कुरकुर केली नाहीं. त्यानें आगपेटींत मावेल असा पितळेचा रोडरोलर मुलीस करून दिला. त्यांतूनच १९५३ सालीं लेस्नी कंपनीची ‘मॅचबॉक्स’ मालिका निघाली, आणि १९५८ सालीं तींत ४६ व्या क्रमांकावर मॉरिस मायनर आली. गणिताच्या विद्यार्थ्यांनीं येथें पाटी घ्यावी. खरी गाडी सुमारें ३७६ सेंटिमीटर लांब. संग्राहकांच्या आवडीचें प्रमाण १:४३, म्हणजे ती प्रतिकृति सुमारें पावणेनऊ सेंटिमीटरांची होते. मॅचबॉक्सची गाडी जेमतेम पांच सेंटिमीटरांची, म्हणजे सुमारें पंचाहत्तरावा हिस्सा. मॅचबॉक्सवाले पेटीच्या मापानें गाडी करीत. उलट बेलफास्ट येथें बनणाऱ्या ‘स्पॉट-ऑन’ खेळण्यांनीं सर्व गाड्यांस १:४२ हें एकच प्रमाण राखलें होतें. कपाटांत या दोन्ही शेजारीं ठेवल्या तर प्रमाण म्हणजे काय, हें फळ्यावर समजावण्याची गरज उरत नाहीं.

येथवर छंदाचे गुण गाइले, आतां दोष. जुन्या खेळण्याची मूळ पेटी शाबूत असली कीं त्याची किंमत पुष्कळ वाढते. त्यामुळें ज्या मुलानें मोटार कधीं खेळावयास काढलीच नाहीं त्याची मोटार मोलाची, आणि जिच्यावर एखाद्यानें सारें बालपण उधळलें ती कवडीमोल, असा उफराटा हिशेब बाजारांत चालतो. आणि जेथें पेटीला पैसा तेथें कपट आलेंच. जुनी गाडी नव्यानें रंगवून अस्सल म्हणून खपवितात. पेट्याहि नव्या छापतात. आम्हीहि असे फसलों आहों. एका विक्रेत्याकडून एक हिरवी मायनर, पेटीसह, आम्हांस न शोभेल एवढ्या किमतीस घेतली. पुढें एका जाणत्या स्नेह्यानें चाकाजवळील जाड रंग दाखविला, आणि पेटीचा कागद नवा असल्याचें सिद्ध केलें. हीच गाडी याच बतावणीनें दुसऱ्याच्या गळ्यांत बांधावी, हा विचार त्या रात्रीं आमच्या मनांत येऊन गेला. जो शिक्षक रोज मुलांस खरें बोलण्यास सांगतो त्याच्या मनांत तो आला, हें कबूल करणेंच बरें. दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या कित्येक डिंकी मोटारींच्या धातूंत शिशाचा अल्पसा अंश मिसळला गेला होता. बाहेरून त्या सुबक दिसत, पण कालांतरानें आंतून तडकून त्यांचा भुगा झाला. तो भुगा आठवला आणि आम्ही तो विचार टाकून दिला. गाडीच्या तळाशीं ‘पुन्हा रंगविलेली’ असें लिहिलें, आणि ती वर्गांत नेली.

तेव्हांपासून ती मुलांच्या हातांत फिरते. तिनें त्यांनीं लांबी मोजली, प्रमाण काढलें, बॉनेटवरचा पट्टा बोटानें चांचपला. दोनदां ती बाकावरून पडली, आणि तिचा एक दिवा गेला. कपाटांतील दहा अस्सल मोटारींनीं मिळून जें शिकविलें नाहीं तें या एका बनावट मोटारीनें शिकविलें, हें आमचें प्रांजळ मत आहे.

तेव्हां त्या पालकांस, आणि त्यांच्यासारख्या सर्वांस, आमचें उत्तर असें : छंद असूं द्यावा; परंतु मुलाच्या कपाटांत किती मोटारी आहेत हें न विचारतां, त्यांतील एका मोटारीविषयीं तो काय सांगूं शकतो हें विचारावें. तो पांच मिनिटें बोलला, तर पैसे वायां गेले नाहींत. त्यानें केवळ किंमत सांगितली, तर त्याच्याजवळ बसून चार गोष्टी बोलण्याची वेळ आली आहे असें समजावें. मोटारी रद्दीवाल्यास देण्याची नव्हे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस इतकेंच सांगणें कीं, जें घ्याल तें आपल्या सांठविलेल्या पैशांत घ्या, आधीं खेळा, मग जपा. आणि कधीं विकण्याची वेळ आली, तर दोष आधीं सांगा व किंमत मागून सांगा. ज्यास ती तपकिरी पेटी न उघडतां नुसती न्याहाळावयाची आहे, त्यानें आमच्या कपाटाशीं यावें. ज्यास मोटार हातांत घ्यावयाची आहे, त्यासाठीं एका दिव्याची हिरवी मायनर आमच्या मेजावर आहेच.